गडब फाट्यावरचा डाकू

थंडी पडली की अंकलेश्वरहून सुरतेकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेला मडकी उपडी पडू लागतात. इथं त्याला उंबाडियुं म्हणतात. पापडीच्या शेंगा, रताळी, कंद, वर कसलासा रानपाला. मडकं उलटं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्या पेणजवळच्या गडबच्या पोपटीची ही मावसबहीणच. तीस वर्षं झाली मला या मुलखात येऊन, तरी डिसेंबर-जानेवारीत तो धूर गाडीच्या काचेतून आत आला की माझं बोलणं अर्ध्यावर तुटतं. भाजलेल्या शेंगेच्या वासाला गुजराती-मराठी कळत नाही.

परवा असंच झालं. गाडी निखिल चालवत होता. निखिल माझा मुलगा, इंजिनिअर आहे. कडेला ओळीनं दुकानं. एकाच्या पाटीवर 'असली', पुढच्याच्या पाटीवर 'एकदम असली', त्याच्या पुढच्यानं दोन पुरुष उंचीची पाटी लावून वर लाइटिंग सोडलेलं.

"आई, ज्याची पाटी मोठी त्याचा माल भिकार," निखिल म्हणाला. "साधं लॉजिक आहे."

पुढं पुलाच्या प्रत्येक खांबावर एका नव्या सिनेमाचा एकच चेहरा लटकत होता. त्यावरही तो तेच म्हणाला. "एवढी पब्लिसिटी करतायत, म्हणजे पिक्चरमध्ये दम नाही."

"आणि पब्लिसिटी केलीच नसती तर?"

"तर मग असल्या पिक्चरला गेलं कोण असतं?"

म्हणजे ओरडला तरी वाईट आणि गप्प बसला तरी वाईट. मी सातवीवर शाळा सोडलेली बाई. शिकलेल्या माणसाशी वाद घालताना माझा आवाज आधी थरथरतो, मग चढतो. तसा तो चढला. "तुझं लॉजिक राहू दे तुझ्यापाशी," मी म्हणाले. "मी स्वतःच्या हातानं सिनेमाचा बोर्ड काढलाय. बोर्डावरून पिक्चरची परीक्षा करणाऱ्यांचं मला सांगू नकोस."

निखिलनं गाडीचा वेग कमी केला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतं मोकळी पडत नाहीत. चिखलात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी घालावं लागत नाही, दंवावर वाढतो. पौषात सकाळी शेतात गेलं की पावलं भिजतात, आणि धसकटांच्या रांगांमधून वालाची पांढरी-जांभळी फुलं अशी बघत असतात की वाटावं, यांना कुणी बोलावलं नव्हतं पण ती आली. बांधावर भांबुर्डीचा पाला. तो हाताला चुरडला की तिखट, औषधासारखा वास. तो पाला मडक्यात तळाला आणि वर, मध्ये वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, चार बटाटे, नशीब असेल तर अंडी. पाण्याचा थेंब नाही. त्या दिवसांत आमच्या बोटांना सगळं खाऊन झाल्यावरही भांबुर्डीचा वास येत राही. माझ्या बोटांना त्यात रंगाचा वास मिसळलेला असे.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात जात होते. शाळा सुटली ती आईचं आजारपण निघालं म्हणून. त्यासाठी मला कुणाकडं बोट दाखवायचं नाही. पुढं आई उठली-फिरली, पण शाळेत माझी जागा राहिली नव्हती. नानांच्या कारखान्यात जागा होती. नाना म्हणजे कारखान्याचे मालक. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, दिवसभरात मोजून वीस वाक्यं. तिथं बायका अंगाचा रंग मारायच्या, पितांबर रंगवायच्या, दागिन्यांना सोनेरी लावायच्या. डोळे मात्र पुरुष काढायचे. त्याला आखणी म्हणतात. मूर्तीचं सगळं झालं की शेवटी आखणी, आणि आखणी झाली की मातीतून कुणीतरी बघायला लागतं. मी चार वर्षं दागिने रंगवले. एकदा दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी एका फुटक्या मूर्तीवर चोरून डोळे काढले. नाना मागं उभे होते. मला वाटलं, गेलं काम. त्यांनी स्वतःच्या डब्यातला खारीच्या केसांचा ब्रश काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्यापासून आखणीला बस."

त्या ब्रशाचे उपकार मी शब्दांत काय सांगू? दुसरं कुठलंही सर्टिफिकेट माझ्यापाशी नव्हतं. गावात लोक विचारायचे, "शाळा सोडलीस, आता काय करतेस गो?" तर मी सांगायची, "आखणी करते." माझं अख्खं मोठेपण त्या एका शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द कुणी काढून घेईल या धास्तीनं मी झोपेतही दचकायची.

त्या हिवाळ्यात रोह्याचे बाबूशेट आपला सिनेमाचा तंबू घेऊन गडबला आले. रेल्वे तेव्हा नुकतीच रोह्यापर्यंत पोचली होती, पण सिनेमा अजून तंबूतच बसून बघायचा होता. कापलेल्या शेतात तंबू, खाली पेंढा, मधे दोरी. दोरीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. बाबूशेटांना डाकूचा एक पिक्चर मिळाला होता, पण त्याची पोस्टरं आलीच नव्हती. ते नानांकडे आले. "आठ बाय सहाचा बोर्ड करून द्या."

"आम्ही देवाचं काम करतो," नाना म्हणाले आणि आत गेले.

मी दारापर्यंत बाबूशेटांच्या मागं गेले. का गेले? हौस. एकोणीस वर्षांची होते. आठ बाय सहा म्हणजे एक डोळा माझ्या तळहाताएवढा होणार होता, आणि मी आजवर वाटाण्याएवढेच काढले होते. बाबूशेटांनी खिशातून एक फोटो दिला. डाकूचा चेहरा. भरघोस मिशी, कपाळाला पट्टी, गालावर वण. फोटो नेमका डोळ्यांवर घडी पडून झिजलेला. डोळ्यांच्या जागी पांढरी रेघ.

चार सकाळी, कारखान्यात जायच्या आधी, आमच्या मागच्या पडवीत मी तो बोर्ड रंगवला. मिशी झाली, वण झाला, घोडा झाला. घोडा जरा गाढवाकडं झुकला, ते मान्य. डोळ्यांवर आले आणि हात थांबला. डाकू कसा बघतो? मी डाकू बघितला नव्हता, पिक्चरही नाही. हाताला जे येत होतं ते मी काढलं. लांबट पाकळी, वरची पापणी किंचित खाली आलेली, बुबुळ मधोमध नाही तर कणभर वर. समोरच्याचं सगळं ऐकून घेतलेले डोळे.

बोर्ड फाट्यावर उभा राहिला आणि लोक थबकू लागले.

एसटीतून उतरणाऱ्या बायका आधी दचकत, मग पदर सावरत. दोघीतिघींनी हात जोडले. तेवढ्यात माझी हिराआत्या तिच्या जिते गावाहून आली. बाबांची थोरली बहीण. दर वर्षी पोपटीला आठवडाभर यायची. फाट्यावर उतरली ती बोर्डासमोर उभीच राहिली. मी तिला न्यायला गेले होते.

"कोन गो ह्यो म्हाराज?"

"म्हाराज नाय आत्या, डाकू हाय. पिक्चर लागलाय."

"असा कंचा डाकू? ह्याचे डोले बग." मग जरा विचार करून म्हणाली, "सुदारला आसंल शेवटी."

हे वाक्य तिच्याआधीच चार जणींनी म्हटलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत गडबभर झालं की पिक्चरमधला डाकू शेवटी देवमाणूस होतो. बाबूशेटांच्या कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांची जीप भोंगा लावून फिरली तेव्हा भोंगा ओरडत होता, "डाकूच्या काळजात देव जागला! माताभगिनींनी अवश्य पाहावं!"

पिक्चरमध्ये काय आहे ते बाबूशेटांना पुरतं ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

हिराआत्यानं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. तिचे यजमान होते तोवर तसलं नाव काढायची सोय नव्हती. आता ते नव्हते. "देवाचा हाय तर बगून येऊ," ती म्हणाली आणि निघताना पिशवीत नारळ घेतला. सातच्या खेळाला दोरीच्या अलीकडे मुंगीला जागा नव्हती. बायकांनी हळदकुंकू आणलेलं. कुणी अंघोळ करून आलेली.

आणि पडद्यावर तो डाकू आला. डोळे तांबारलेले, बटाट्यासारखे. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं एका म्हाताऱ्याला विहिरीत ढकललं. मग नाच. मग आग. मग पुन्हा तोच नाच, कारण रीळ उलटसुलट जोडलेलं. बायका वाट बघत राहिल्या, आता सुधारेल, मग सुधारेल. शेवटी तो शिव्या देत घोड्यावरून पडला, मेला, आणि दिवे लागले. सुधारला नाही तो नाहीच.

मग हिराआत्याचा आवाज आला. "मंग ह्यो नारल मी कोनाम्होरं फोरू?"

पलीकडचे पुरुष हसले, आणि त्या हसण्यानं बायका पेटल्या. "फसवलं गो आमाला!" बाबूशेटांभोवती गराडा पडला. त्या माणसानं एक क्षण इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ माझ्याकडं बोट दाखवलं. "मला काय विचारता? बोर्ड या पोरीनं काढलाय. देवाचे डोळे हिनं लावले."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आत्याचीसुद्धा. तिला मी सांगितलं नव्हतं.

बायका पांगल्यावर बाबूशेट जवळ आले. "सकाळी येऊन डोळे लाल करून टाक. भुवया चढव. दोन हात मारायचं काम हाय. नायतर मी पेणला जाऊन नानाला सांगतो, तुझ्या कारखान्यातल्या पोरीनं गणपतीचे डोळे लावून लोकांना लुबाडलं. बघू मग ब्रश हातात ठेवतो का."

ब्रश गेला तर मी पुन्हा कोण होते? सातवीवर शाळा सोडलेली एक मुलगी. पण आमच्या कारखान्यात एक रीत होती. एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही, त्यावर दुसरा काढायचा नाही. चुकला असेल तर अख्खा चेहरा खरवडून पहिल्यापासून. आणि हे डोळे चुकलेले नव्हते. चुकला होता भोंगा.

"आखलेला डोळा मी पुसत नाही," मी म्हणाले. "तुमचा भोंगा बदला."

ते पेणला गेले. नानांनी मला काही विचारलं नाही. फक्त सकाळी माझ्या जागेवर दुसरा माणूस बसला होता, आणि माझ्यासाठी सोनेरी रंगाची वाटी काढून ठेवलेली. "रविवारी गडबला येतो," नाना म्हणाले. "बोर्ड बघतो. तोवर दागिने कर." बोटीनं परदेशी जायच्या मूर्तींची घाई होती, आखणीला माणूस कमी होता, तरी. तीन दिवस मी मुकुट रंगवले. एकाही मूर्तीकडे वर मान करून पाहिलं नाही. त्या डोळे नसलेल्या होत्या, पण मलाच लाज वाटायची.

शनिवारी दिवस कलताना आमच्या वालाच्या शेतात पोपटी लावली. पेंढा, गोवऱ्या, सुका पातेरा. मडक्याभोवती जाळ धडधडला आणि मग बसला. पोपटी झाली की नाही हे कळायची एकच खूण आहे. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र वाजून पाणी उडालं की झाली. आत्यानं शिंतोडे मारले. चर्र झालं.

"झाली," मी म्हणाले.

"शिजली," आत्या म्हणाली. "झाली का नाय ते खाल्ल्यावर."

मग तिनं पिशवीतून तो नारळ काढला, बांधावरच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना वाटला. "देव नाय भेटला, खोबरा तरी खावा." मी हसले नाही, तेव्हा माझ्याकडं वळली. "तोंड का पारलंस गो? पिक्चर भिकार व्हता. त्याला तू काय करनार? मी हात जोरले ते डोल्यांना. ते काय मी परत नाय घेत."

भांबुर्डीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून मी पदर लावला.

त्या रात्री तंबूत वेगळं रीळ होतं. डाकूचं रीळ पुढं गेलेलं. बदली म्हणून एसटीनं काहीतरी जुनं आलं होतं. बाबूशेटांनी चिडून ना जीप फिरवली ना पाटी लावली. फाट्यावर अजून माझा डाकूच उभा, कारण एवढा बोर्ड उतरवायला चार माणसं लागायची. "चल," आत्या म्हणाली. "येक भिकार बगला, दुसरा पन बगू."

आम्ही अकरा जण होतो. दोरी कुणी बांधलीच नव्हती. काळापांढरा पिक्चर. एक म्हातारा आणि त्याची बायको. बायकोची नजर हळूहळू जात असते, आणि ती नवऱ्याला कळू न देता विहिरीपासून घरापर्यंतची पावलं मोजून पाठ करत असते. नवऱ्याला कळलेलं असतं. तो रोज तिच्या वाटेतला एकेक दगड उचलून बाजूला टाकतो आणि तिला कळू देत नाही. एवढाच पिक्चर. नाच नाही, घोडा नाही. आत्या शेवटी उठेना. पेंढ्यावर बसून राहिली, पडदा पांढरा झाला तरी. त्यानंतर मी शेकडो सिनेमे पाहिले, टीव्हीवर, मोबाइलवर. त्या तोडीचा एखाददुसराच. नाव मला आजही माहीत नाही. पाटीच नव्हती.

आता निखिलसारखी माणसं इथं चटकन म्हणतील, बघ, सिद्ध झालं. गाजावाजा तो भिकार, गुपचूप तो सोनं. अजिबात सिद्ध झालं नाही. पुढच्या वर्षी त्याच तंबूत तीन गावांत भोंगा फिरवलेला पिक्चर लागला आणि तो फार छान निघाला. आणि विनापाटीचा एक असा आला की कुत्रीसुद्धा उठून गेली. नियम करू नका. नियम करायचा मोह होतो तो आळसानं. पिक्चरला जाऊन बसायचे तीन तास वाचवायचे असतात म्हणून. शिंतोड्यानं शिजलं एवढं कळतं, चव नाही. बोर्डावरून कळलंच तर बोर्ड काढणाऱ्याचा हात कळतो. भोंग्यावरून भोंगेवाल्याची दानत कळते. तेही थोडंथोडकं नाही, पण पिक्चर त्यात नसतो. पिक्चर तंबूत असतो.

रविवारी सकाळी नाना एसटीनं उतरले. मी, बाबा, आत्या फाट्यावर. बाबूशेटही आले, हात मागं बांधून. नानांनी कुणाशी न बोलता रस्त्यापलीकडच्या मोरीच्या कठड्यावर रुमाल अंथरला आणि बसले. बोर्ड बघत. मधून ट्रक जात होते, तेवढ्यापुरता डाकू लपायचा आणि परत दिसायचा. माझी नजर नानांच्या कानावरच्या पेन्सिलीवर.

"पिक्चर पाहिला होतास का हे काढताना?"

"नाही नाना."

"यांनी डोळे लाल करायला सांगितले?"

"हो."

"मग?"

"आखलेला डोळा पुसायचा नाही."

बाबूशेट म्हणाले, "नाना, लोक भडकलेत. उद्या तुमच्या गणपतीचं नाव..."

"भोंगा कुणी फिरवला?" नानांनी त्यांच्याकडं न बघता विचारलं. बाबूशेटांनी खाकरून घसा साफ केला. आत्या मात्र म्हणाली, "यानंच."

नाना उठले, रस्ता ओलांडून बोर्डापाशी गेले. अगदी जवळ. मान तिरकी करून एक डोळा मिटला, पेन्सिल काढून आडवी धरली, मोजलं.

"डावा एक दोराभर वर गेलाय," ते म्हणाले. "मोठं काढताना मागं जाऊन बघायचं असतं. अंगणात जागा नव्हती का?"

"पडवीत काढला नाना."

"तरीच." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "घोडा कुणाला दाखवू नकोस. उद्या आठला ये. बत्तीस मूर्ती आखायच्या राहिल्यात."

बस. शाबासकी नाही, माफी नाही. पिक्चरबद्दल तर एक अक्षर नाही. ज्याचं बघायला आले होते तेवढंच बघून ते एसटीत बसले. सोमवारी माझ्या पाटावर तोच ब्रश धुऊन ठेवलेला होता.

तो बोर्ड पुढं खांब गावाला गेला, तिथून रोह्याला. रोह्यात कंपनीत शिफ्ट करणाऱ्या एका माणसानं तो रोज येताजाता पाहिला. पुढं माझं त्याच्याशी लग्न झालं आणि त्याच्या नोकरीमागून मी इथवर आले. तो बोर्ड मी काढला होता हे कळल्यावर तो म्हणाला होता, "अगं, मला वाटायचं खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे."

हे सगळं मी निखिलला पुलाखाली गाडी लावून सांगितलं. हातात उंबाडियुंचा द्रोण होता. सर्वांत मोठ्या, लाइटिंगवाल्या पाटीच्या दुकानातून मी हट्टानं घेतलेला. शेंगा बऱ्या होत्या. मीठ कमी.

डोक्यावर तो नव्या सिनेमाचा चेहरा. फ्लेक्सवर छापलेला, ब्रशाचा फटकारा कुठंच नाही, पण कुणीतरी बसून तो जुळवला असेलच. मी खाली उतरले, मागं मागं गेले, रस्त्याच्या कडेपर्यंत. निखिल ओरडला, "आई, गाड्या येतायत!" मी एक डोळा मिटला आणि मान तिरकी केली.

"डोळे सारखे आहेत," मी म्हणाले. "बोर्ड चांगला केलाय."

"म्हणजे पिक्चर चांगला असणार?"

"ते मला काय माहीत?" मी द्रोण त्याच्या हातात दिला. "रविवारची दोन तिकिटं काढ."